सोमवारची टाकी

१२ फेब्रुवारी, सोमवार

लांबड्या,

आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ.

कामाचं बोलते. गाडीचं मागचं दार उघडत नाही. नवीन ड्रायव्हर आधी एकटा त्याच्याशी कुस्ती खेळतो, मग मला हाक मारतो, मग आम्ही दोघं मिळून खेळतो. मागच्या आठवड्यात हॉटेलच्या दारात ऐंशी चादरी पुढच्या सीटवरून ओढून बाहेर काढल्या. दारवान बघून हसत होता, आणि हसणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. तू ते दार एका हाताने उघडायचास. कसं, ते एका ओळीत लिहून पाठव. जास्त लिहू नकोस. तुझं अक्षर मला लागत नाही.

लाँड्री चालू आहे. तुझ्यावाचून बंद पडली असं तिथे तुझ्या आईला सांगत बसला असशील तर सांगू नकोस. दोन हॉटेलं, एक दवाखाना, तेच रस्ते, तेच गठ्ठे. नवीन ड्रायव्हर तुझ्या मामाने शोधला. मामाची पारख तुला माहीत आहे, तो टरबूज आणतो तेव्हा आतून पांढरं निघतं. हा माणूस उभ्या असलेल्या गाड्यांनाही हॉर्न वाजवतो. मला मॅडम म्हणतो. मॅडम म्हणणाऱ्या माणसाने माझं आजवर भलं केलेलं नाही, पण ते राहू दे.

गाडी धुळीने माखली आहे. ऑक्टोबरात कंपनीने फुकट धुऊन दिली होती, ती शेवटची चमक. इस्त्रीचं मोठं टेबल मात्र ठणठणीत आहे. तू वर्षानुवर्षं त्याच्या पायाखाली पुठ्ठे कोंबत होतास आणि ते डुगडुगतच होतं. मी एकदाच इलाज केला आणि ते गप्प बसलं. शाळेत न जाता माणसाला बऱ्याच गोष्टी जमतात.

नोव्हेंबरात जे झालं त्यावर मला काही बोलायचं नाही. तरी बोलते. सोमवारी टाकी भरायची आणि ती शनिवारी संध्याकाळपर्यंत पुरायची, ही आपली सहा वर्षांची रीत. तूच चालवायचास, तूच भरायचास. मग एका आठवड्यात गुरुवारीच लाल दिवा लागला. पुढच्या आठवड्यातही गुरुवारीच. रस्ता तोच, ओझं तेच, ड्रायव्हर तोच. एवढं डिझेल कोणी प्यायलं? आणि वर मागच्या सीटखाली रबरी नळी सापडली. तू म्हणालास, मशीनचं पाणी तुंबतं ते काढायची आहे. असेल. पण नळीला तोंडं दोन असतात, आणि दुसऱ्या तोंडाला काय लावलं होतं ते मला काय माहीत.

मी गठ्ठा नुसता उचलून सांगते आत अभ्रा कमी आहे की नाही. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाही. म्हणून मला वाटलं ते मी बोलले. चौदा बायका ऐकत होत्या, हे खरं. बायका लाँड्रीत नसतील तर कुठे असतील?

तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलास. आपटली असतीस तर बरं झालं असतं. आपटणाऱ्याशी भांडता येतं.

दाराचं लिही.

आजी


२२ फेब्रुवारी, गुरुवार

लांबड्या,

तुझं कार्ड मिळालं. "हँडल आधी वर, मग आत ढकल, मग ओढ." ना मायना, ना सही. एवढ्या शब्दांत लोक औषधाच्या बाटलीवर सूचना लिहितात. पण दार उघडलं. नवीन ड्रायव्हरला दाखवलं तर तो म्हणाला, "असं कसं, दार ओढायला आधी ढकलायचं?" त्याला म्हटलं, "तू तुझं डोकं वापरू नकोस, ते नवंकोरं राहू दे."

आता ऐक. हा नवीन माणूसही चोर आहे. तू गेल्यावर दोन महिने तुझा मामा गाडी चालवत होता. तो पंप दिसला की भरतो, दोन लिटर भरतो, पाच भरतो. त्याच्या भरण्यावरून कोणाला काही कळायचं नाही. जानेवारीत हा आला आणि मी जुनी रीत परत लावली, सोमवारी फुल टाकी. तर याच्याही हातात गुरुवारी दिवा. मी मनात म्हटलं, वा. एक चोर गेला आणि मामाने शोधून शोधून दुसरा त्याच मापाचा आणला.

पण या वेळी मी ओरडले नाही. आपल्या गठ्ठ्यांची गाठ तुला माहीत आहे. लाल दोरा, दोन वेढे आणि खालून घेतलेला फास, जो माझ्या आईने मला शिकवला आणि मी कोणालाही शिकवला नाही, तुलाही नाही. ती गाठ सोडली की परत तशी बांधता येत नाही. हॉटेलवाल्यांनी कितीदा प्रयत्न केला आणि तोंडावर पडले. तर या सोमवारी पंपावरच, टाकी भरल्या भरल्या, मी लाल दोरा टाकीच्या झाकणावरून घेतला, बिजागरीतून काढला आणि गाठ मारली. पंपावरचा माणूस विचारतो, "आजी, नजर काढताय का?" म्हटलं, "हो, तुझी."

आज गुरुवार. दुपारी दिवा लागला. मी चष्मा लावून झाकण पाहिलं. गाठ माझीच. दोरा तसाच. धुळीचा कणसुद्धा हललेला नाही.

मला वाटतं त्याने कुठून तरी खालून भोक पाडलं असणार. गॅरेजवाल्याला दाखवते.

दुसरी गोष्ट. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने काल चादरी मोजून घेताना विचारलं, "तुमचा नातू आमच्या ओळखीच्या दवाखान्यात ड्रायव्हरच्या जागेसाठी आलाय. रात्री-अपरात्री बाळंतिणींना आणायची गाडी आहे, जबाबदारीचं काम. त्यांना माणूस पसंत आहे. पण इथून काहीतरी ऐकलंय त्यांनी. तुम्ही एक पत्र द्याल का, की मुलगा बरा आहे म्हणून? पंधरा मार्चपर्यंत थांबतील."

मी म्हटलं, "सिस्टर, अभ्रे बत्तीस आहेत, मोजा."

इथून काहीतरी कोणी सांगितलं ते तुझ्या मामाला विचार. मी चौदा बायकांत बोलले, त्याने दोन हॉटेलांत आणि एका दवाखान्यात वाटलं. फुकटची गोष्ट वाटण्यात त्याचा हात सढळ आहे.

आजी


२ मार्च, शनिवार

लांबड्या,

बोळकी तुझी चौकशी करत होती. एकही दात नाही आणि तोंड बंद नाही. चादरीची घडी घालता घालता म्हणते, "पोरगं नळीनं पाणीच काढायचं हो. मी पाहिलंय. माझ्याच मशीनचं काढायचं." म्हटलं, "मग नोव्हेंबरात का नाही बोललीस?" तर म्हणते, "तुम्ही बोलत असताना मधे कोण बोलेल? मला काय नोकरी नकोशी झालीय?" बघ. इस्त्री करता करता या बायकांच्या पाठीचे कणेही सरळ दाबले गेलेत.

मी या आठवड्यात स्वतः गाडीत बसले. सोमवारी टाकी भरली, गाठ मारली, आणि ड्रायव्हरला बाजूला करून तुझ्या मामाला चालवायला लावलं. मी मागे, गठ्ठ्यांवर. या वयात चादरींच्या डोंगरावर बसून गावभर फिरले. मंगळवारी दवाखाना, बुधवारी दोन्ही हॉटेलं. लाल सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीतली पोरं माझ्याकडे बघून हात हलवायची. मामा म्हणाला, "आई, लोक बघतात." म्हटलं, "बघू दे, तुला बघण्यापेक्षा बरं." रात्री गाडीची किल्ली उशीखाली. टाकीला गाठ, किल्लीवर मी, ड्रायव्हर माझाच मुलगा.

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता दिवा लागला.

मामाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, आता मला चोर म्हण."

एखाद्या माणसाला आयुष्यात एकच विनोद सुचतो आणि तो नेमका नको त्या वेळी सुचतो.

काल गाडी गॅरेजवाल्याकडे नेली, तोच चौकातला, ज्याच्या कानात कायम कापूस असतो. त्याने खाली पडून पाहिलं. भोक नाही, गळती नाही. मग वर उठून हात पुसत म्हणाला, "आजी, ही गाडी कंपनीत जाऊन आली का? मागच्या वर्षी कंपनीने या डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. धुराचं काहीतरी लबाडीचं प्रकरण होतं, त्यांना दंड होणार होता म्हणून. बोलावून आतल्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बदललं. तेव्हापासून सगळ्या गाड्या जास्त पितात. तीन टॅक्सीवाले माझ्याकडे रोज रडतात. एकाने बायकोच्या भावाला मारलं, डिझेल चोरतो म्हणून."

मी विचारलं, "किती जास्त पितात?"

तो म्हणाला, "आठवडाभराची टाकी तीन-चार दिवसांत. गाडी काही बोलत नाही, आजी. धूर कमी, ताकद कमी, पोट मोठं."

मी त्याला म्हटलं, कापूस काढ आणि परत सांग. त्याने काढला आणि परत तेच सांगितलं.

आता या गोष्टीचा अर्थ काय तो तू लावशील, तू शिकलेला आहेस. मी फक्त झालं ते लिहिते. नवीन ड्रायव्हरला परत बोलावलं आहे. त्याला काही सांगितलं नाही, डोक्यात हवा जाईल. कंपनीच्या शोरूममध्ये जाते सोमवारी. तिथे काचा असतात म्हणे चारी बाजूंनी. बरं झालं, आत काय चाललंय ते बाहेरूनही दिसेल.

आजी


७ मार्च, गुरुवार

लांबड्या,

तुझं दुसरं कार्ड आलं. "गाडी कंपनीत कधी गेली? मी तर नेली नाही. कोणी दिली?" पुन्हा मायना नाही. तुझ्या आईने तुला मायना शिकवला नाही आणि मला वाटायचं मी शिकवला होता.

कोणी दिली ते नंतर. आधी शोरूम.

जमीन अशी चकचकीत की मला माझ्याच चपलांचे तळ दिसत होते. एक पोरगी पाणी घेऊन आली. पाण्यात पुदिन्याचं पान. म्हटलं, आधी पान काढ, मग पिते. मग टायवाला आला. वय तुझ्याएवढं, पण तू उभा राहिलास तर त्याची टाय तुझ्या बेंबीला लागेल.

मी सांगितलं, सोमवारी टाकी, शनिवारी दिवा, हे होतं. आता सोमवारी टाकी, गुरुवारी दिवा. तुम्ही काय केलंत माझ्या गाडीला?

तो हसला. शिकवलेलं हसू, सगळे दात एका वेळी. म्हणाला, "आजी, आपण सॉफ्टवेअर अपडेट केलंय. आता तुमची गाडी हवा खूप कमी खराब करते. पर्यावरणासाठी आहे."

"आधी जास्त करायची?"

"म्हणजे, आधी तपासणीत वेगळं आणि रस्त्यावर वेगळं असं थोडंसं होतं."

"म्हणजे तपासायला आले की शहाणी, पाठ फिरली की धूर."

"आजी, तसं नाही."

"माझ्या लाँड्रीत अशी एक बाई होती. मी आले की इस्त्री, मी गेले की झोप. मी तिला काढलं. तुम्ही काय केलंत, तिला झोपायला उशी दिलीत?"

शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक खाली बघून हसत होतं. टायवाल्याचे दात मिटले. मग तो असं काही बोलला की माझा इतका वेळ चढलेला आवाज खाली बसला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या चाचणीत तसा काही फरक आलेला नाही. डिझेल जास्त लागतंय तर ते चालवण्याच्या सवयीवर असतं. तुमचा ड्रायव्हर नीट चालवत नसेल. किंवा, माफ करा, टाकीतून काढत असेल. आम्ही बऱ्याच लोकांना सांगतो, आधी ड्रायव्हरवर लक्ष ठेवा."

तुला काय सांगू. पहिल्यांदा माझ्या डोक्यात तुझं तोंड आलं नाही, माझंच आलं. तो टाय लावून बोलत होता आणि मी नोव्हेंबरात टेबलाशी उभी राहून बोलत होते, शब्द तेच. त्याला निदान बोलायचा पगार मिळतो.

मी विचारलं, जुनं होतं तसं करून द्या. म्हणाला, करता येत नाही. म्हटलं, हे कागदावर लिहून द्या, की तुमच्या हातून डिझेल वाढलं. म्हणाला, तसं लिहिण्याचा अधिकार नाही. म्हटलं, कोणाला आहे? त्याने वर बोट दाखवलं. वर छत होतं.

निघताना त्याने मला किल्लीला लावायचं एक गोंडस कडं दिलं, कंपनीचं चिन्ह असलेलं. तसंच एक आपल्याकडे आधीच आहे. ऑक्टोबरातलं.

घरी आल्यावर मामाला सगळं सांगितलं. तो जेवत होता. तो म्हणाला, "झालं ना आता? उकरू नकोस. गाडी तुझ्या नावावर, सही तुझी. लोक म्हणतील म्हातारीने स्वतःच कागदावर सही केली आणि नातवाला चोर ठरवलं. तो तिकडे नोकरी शोधतोय, शोधू दे. मिळेल काहीतरी." आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

सही कोणाची हे त्याला कसं माहीत, मी विचारलं नाही. त्याने तेव्हाच पाहिलं असणार आणि सोयीचं म्हणून गप्प बसला असणार. तू गेलास तर लाँड्रीत त्याचा शब्द वर राहतो. माझ्या पोटी दोन मुलं झाली, एक तुझी आई, आणि एक जेवणारा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही, हे मला कळतंय. मला पंधरा मार्चही कळतो.

आजी


११ मार्च, सोमवार

लांबड्या,

गाडी मी दिली.

तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तू तीन दिवस तिकडे गेला होतास, ऑक्टोबरात. त्याच्या आठवडाभर आधी कंपनीचं पत्र आलं होतं, माझ्या नावावर, जाड गुळगुळीत कागद, बारीक अक्षरं, हातभर लांब एकेक शब्द. तू मला कितीदा सांगितलं होतंस, "आजी, कागद आला की मला दाखव." दाखवला नाही. का नाही दाखवला ते आता लिहिते, परत कधी लिहिणार नाही. मला हॉटेलांची नावं वाचता येतात, आकडे येतात, बिल्ल्यांवरचे नंबर येतात, आणि घरातल्या माणसांची अक्षरं चष्मा लावून, बोट फिरवून लागतात. छापील कागद आला की मला घाम येतो. तू समजत होतास की मला वाचता येतं आणि मी हट्टी आहे. मी हट्टी आहे हे खरं होतं.

मग तू नसताना टोपीवाला माणूस दारात आला. "मॅडम, तुमची गाडी न्यायला आलोय, काही खर्च नाही, संध्याकाळी धुऊन परत देतो. फक्त इथे सही." मॅडम म्हणाला. धुऊन देतो म्हणाला. मी मोठ्या ऐटीत सही केली, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. संध्याकाळी गाडी चकचकीत आली, सोबत कडं. मी तेव्हा कोणाला काही सांगितलं नाही. फुकटात गाडी धुऊन घेतली, ही माझीच एक छोटी हुशारी होती, ती मला एकटीला पुरणार होती.

आणि ते जाड पत्र. आठ घड्या घातल्या आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. मापात बसलं.

म्हणजे नोव्हेंबरात मी त्या टेबलावर हात आपटून तुला विचारत होते, डिझेल कुठं गेलं, तेव्हा उत्तर माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होतं. टेबल हललंसुद्धा नाही. नीट बसवलं होतं ना मी.

आज सकाळी मी मशीनं बंद करायला लावली. सगळी. तुला माहीत आहे, वीज गेली तरच ती बंद असतात, म्हणून बायका घाबरल्या, कोणीतरी मेलं असं वाटलं त्यांना. नोव्हेंबरात चौदा होत्या, आज बारा. सोडून गेलेल्या दोघींना निरोप पाठवला होता, एक आली, हातात भाजीची पिशवी घेऊन. दुसरी म्हणाली तिला वेळ नाही. बरोबर आहे, माझ्या चुका ऐकायला लोकांनी कामं का सोडावीत.

मी टेबल एका बाजूने उचलायला लावलं आणि ते पत्र काढलं. मग वाचलं. मोठ्याने. एकेक अक्षर जोडत, लहान पोरगी वाचते तसं. "आप-ल्या वा-ह-ना-च्या." कोणी हसलं नाही, हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एका शब्दापाशी मी अडकले, अर्धा तास अडकले असते, तेव्हा बोळकी पुढे आली आणि तिने बोट ठेवून सांगितलं, "इंधन-का-र्य-क्ष-म-ता." बोळकीला वाचता येतं. बावीस वर्षं माझ्याकडे घड्या घालते आणि वाचता येतं. सहावी शिकलीय. मी तिला कधी विचारलं नाही.

पत्रात एका कोपऱ्यात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की बदलानंतर डिझेल थोडं जास्त लागू शकतं. थोडं. त्यांच्या थोड्यात माझा शुक्रवार आणि शनिवार गेला, आणि तू गेलास.

मग मी बायकांना सांगितलं: "नोव्हेंबरात मी माझ्या नातवाला चोर म्हटलं. तो चोर नव्हता. गाडी कंपनीने बिघडवली, सही मी केली, कागद मी पायाखाली घातला. तेव्हा मी मशीनं चालू असताना ओरडले होते, म्हणून आता बंद करून सांगते, कोणाला ऐकू आलं नाही असं नको." बोळकी म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." म्हटलं, "हो. आता चालू करा, वीज जाळू नका." तुझा मामा आतल्या खोलीत बसून होता. दार लावून. त्याने दार लावलं तेवढं चांगलं काम केलं, मी त्याच्याकडे बघून काही बोलले असते.

मग त्याला बाहेर काढला आणि दोन्ही हॉटेलांत पाठवला. जे तोंडाने वाटलं ते तोंडानेच गोळा करून आण म्हटलं. तो म्हणाला, "मी काय सांगू?" म्हटलं, "सांग, आई म्हणाली मी खोटारडा आहे." संध्याकाळी तोंड पाडून परत आला. सांगितलं असणार. टरबूज एवढं पांढरं पडत नाही.

सिस्टरसाठी पत्र मीच लिहिलं. बोळकी म्हणाली मी लिहिते, अक्षर बरं येईल. नको म्हटलं, माझ्याच अक्षरात हवं. ते असं आहे:

"दवाखान्याच्या साहेबांस. हा मुलगा सहा वर्षं माझी गाडी चालवत होता. एक थेंब घेतला नाही. एक अभ्रा हरवला नाही. मी त्याला चोर म्हटलं ती माझी चूक, आणि मी लाँड्रीची मालकीण आहे म्हणून ती मोठी झाली. बाळंतीण याच्या गाडीत बसवायला हरकत नाही. मी बसले असते. दार उघडत नसेल तर हा उघडतो."

शेवटचं वाक्य सिस्टर म्हणाली काढा. मी नाही काढलं. पत्र सिस्टरने आजच पुढे पाठवलं, पंधराच्या आत पोचेल.

कंपनीचं पत्र तुझ्याकडे पाठवते. मध्यभागी गोल खळगा आहे, तो टेबलाच्या पायाचा. शोरूममध्ये टायवाल्याने जे लिहून दिलं नाही ते यात त्यांनीच छापलंय. पुढे कोणी तुला काही विचारलं तर तोंडावर मार. लिफाफ्याला लाल दोरा बांधला आहे, आपली गाठ. मधे कोणी उघडलं तर तुला कळेल. आणि ती गाठ सोडताना नीट बघ, खालून फास कसा घेतला आहे. नुसती बघून जमते, कोणी शिकवायची गरज नाही.

परत ये असं मी म्हणणार नाही. बाळंतिणी आणायचं काम चादरी न्यायच्या कामापेक्षा चांगलं आहे, चादरी कधी कोणाला दुवा देत नाहीत. टाकी आता सोमवारी भरते आणि गुरुवारी परत भरते, आणि कोणाला काही विचारत नाही.

टेबल सकाळपासून डुगडुगतंय. बोळकी पुठ्ठा घेऊन आली होती. तिला म्हटलं राहू दे. ज्याचं ते काम होतं तो कधी आला तर घालेल, नाही आला तर डुगडुगेल.

आजी